आधी तोंड वाचा, वय नंतर सांगा

लातूर जिल्ह्यातल्या हाळीच्या बाजारात बैल उभा केला की घेणारा आधी त्याचा खालचा ओठ ओढून बघतो. आदत (अजून दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (आठही कायमचे आलेले). या पाच शब्दांवर निम्मा सौदा ठरतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यातला परिचर किंवा व्रणोपचारक (ड्रेसर) एवढं घरूनच शिकून आलेला असतो. पण दातांशी त्याची ओळख बहुतेक वेळा तिथंच थांबते. दात बघायचे ते वय सांगायला. हिरडी दाताला धरून आहे का, एकाच बाजूच्या गालात चारा का साठलाय, डोळ्याखालची सूज कुठल्या दाढेमुळे आली, हे बघायची सवय त्याला कुणी लावलेली नसते.

इकडे लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरात घरोघरी कुत्री-मांजरं आली. "तोंडाचा फार वास येतो, दात साफ करून द्या" अशी मागणी सुरू झाली आणि दवाखान्यांनी अल्ट्रासॉनिक स्केलर, म्हणजे कंपनांनी कीटण काढायची यंत्रं, घेतली. खरेदीचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच: स्केलर पहिल्या दिवशी, पॉलिशचं मशीन जमलं तर, आणि मिलिमीटरच्या खुणांचा प्रोब, म्हणजे हिरडीखालची खोली मोजायची बारीक सळई, कधीच नाही. किमतीत हा प्रोब सगळ्यात किरकोळ. पण तो नसला तर दात पांढरे दिसतात आणि आजार हिरडीखाली तसाच राहतो. म्हणून कर्मचाऱ्यांना शिकवताना क्रम उलटा धरावा असं आमचं मत आहे: आधी डोळे, मग प्रोब आणि नोंद, यंत्र सगळ्यात शेवटी.

कोणी काय करायचं, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे निदान, भूल आणि दात काढणं ही नोंदणीकृत पशुवैद्यकाची कामं. दात काढणं ही शस्त्रक्रियाच आहे, दात कितीही हलत असला तरी. कर्मचाऱ्याकडे राहतं ते असं: प्राथमिक पाहणी, नोंद, हत्यारं, भुलीखालच्या जनावरावर लक्ष, एक्स-रेची मांडणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सफाई, आणि मालकाशी बोलणं. हे काही कमी नाही.

तोंडात हात घालण्याआधी

"जनावर चारा खाईना, लाळ गळतीय, घशात काहीतरी अडकलंय, हात घालून बघा." प्रशिक्षणाचा पहिला तास या एका वाक्यावर खर्च करावा. अडकलेलं असू शकतं. आंब्याची कोय, उसाचं कांडं. लाळ्या-खुरकूत असू शकतो. मग जिभेवर आणि वरच्या दंतपट्टीवर फोड दिसतील, खुरांतही दिसतील. पण मुक्या रेबीजमध्येही जनावर नेमकं असंच दिसतं. गिळता येत नाही, जबडा लोंबतो, लाळेची तार सुटते, आणि बघणारा हमखास कोपरापर्यंत हात आत घालतो.

त्यामुळे आधी प्रश्न, मग हात. गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का? हंबरण्याचा आवाज बदललाय का, घोगरा झालाय का? मागचे पाय लटपटतात का? जनावर उगाच अंगावर येतंय किंवा एकदम मलूल झालंय का? यातल्या एकालाही हो आलं तर हात खिशात ठेवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. एरवीसुद्धा हातमोजा घातल्याशिवाय तोंडात हात नाही; बोटावरची साधी चीर पुरते. लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि लगेच माणसांचा दवाखाना गाठायचा. जनावरांत काम करणाऱ्या प्रत्येकाने चावा होण्याआधीच रेबीजची लस घेतलेली असावी: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. झाडणारा आणि पिंजरे धुणारा माणूसही यात आला.

बाजार बघतो ते आठ

गायी-म्हशीला, शेळी-मेंढीला एकूण ३२ दात. त्यातले पुढचे ८ खाली. वर पुढे दात नसतातच, तिथे कडक दंतपट्टी असते. (नव्याने शेळीपालन सुरू केलेला मालक "वरचे दात पडले" म्हणून घाबरून येतो. हसू नये, पट्टी दाखवावी.) उरलेल्या २४ दाढा मागे, गालाआड. बाजार बघतो ते ८ आणि जनावर उपाशी मरतं ते बहुतेक या २४ मुळे.

देवणी किंवा लाल कंधारी जातीच्या गाय-बैलाला पहिली कायमची जोडी साधारण दोन-अडीच वर्षांत येते आणि साडेचार-पाचपर्यंत तोंड जुळतं. उस्मानाबादी शेळीचं हेच सगळं लवकर होतं. पहिली जोडी वर्ष-दीड वर्षात, चौथी साडेतीन-चारच्या सुमाराला. हे कर्मचाऱ्याला माहीत असतं. माहीत नसतं ते असं की गाय-बैलाचे पुढचे दात निरोगी असतानाही थोडे हलतात. दंतपट्टीवर दाब पडला की त्यांनी थोडं मागं-पुढं व्हावं अशीच त्यांची बांधणी आहे. हलतात म्हणून उपटायला गेलं की चांगलं तोंड बिघडतं.

दाढा बघायला बाजूला उभं राहायचं, समोर नाही. आधी बाहेरूनच गालावरून तळवा फिरवायचा, वरच्या दाढांच्या रांगेवर बोटांनी दाबत जायचं. जनावर एकाच जागी डोकं झटकत असेल तर ती जागा लिहून ठेवायची. मग पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून हात घालून जीभ धरायची आणि बाजूला ओढायची. माउथ गॅग (तोंड उघडं धरून ठेवणारं साधन) न लावता बोटं दाढांच्या मध्ये न्यायची नाहीत. कडबा दळणारी दाढ बोटाचं काय करेल ते सांगायला नको. टॉर्च कपाळावरचा असला तर दोन्ही हात मोकळे राहतात.

काय सापडतं? बाभळीचा काटा, कुसळांचा पुंजका, दाढेची धारदार झालेली कड आणि तिने कापलेला गाल किंवा जीभ. चघळलेला चारा गोळा होऊन तोंडातून पडत असेल तर शंका या कडेचीच. जबड्यावर गाठ असेल तर कर्मचाऱ्याने एकच गोष्ट नीट नोंदवावी: गाठ कातडीबरोबर सरकते की हाडालाच धरून दगडासारखी बसलीय? सरकणारी, मऊ, गरम गाठ बहुधा गळू असते. हाडाला धरून असलेली, फारशी न दुखणारी गाठ जबड्याच्या हाडातल्या जंतुसंसर्गाची, ॲक्टिनोमायकोसिसची असू शकते. तोंडातल्या काट्याच्या जखमेतूनच ती आत शिरते. ती चिरून काही हाती लागत नाही, आणि दाढा मात्र पुढे सैल होत जातात. जीभच लाकडासारखी कडक झाली असेल तर तो वेगळा आजार. तो वेळेत ओळखला तर आयोडाइडच्या उपचाराला चांगली दाद देतो. दोन्हींत सरसकट गळू समजून ब्लेड चालवणं ही नेहमीची चूक.

किनवट तालुक्यासारख्या भागात, जिथे भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथे दाताचं वय फसवतं. दात तयार होत असताना तसं पाणी पोटात गेलं की जोडीच्या दोन्ही दातांवर सारखेच पिवळट-तपकिरी, खडबडीत डाग उमटतात. नखाने खरवडून जात नाहीत. असे दात लवकर झिजतात, त्यामुळे पाच वर्षांचा बैल दहाचा वाटतो. असं तोंड दिसलं की झिजेवरून वय सांगू नये; पाण्याचा नमुना तपासायला सांगावं.

कुत्र्या-मांजराचं तोंड, जागेपणी

मोठ्या कुत्र्याला ४२ दात, पिल्लाला २८. मांजराला ३०, पिल्लाला २६. हे आकडे टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवले तरी चालतील. प्रत्येक दाताला तीन अंकी नंबर देण्याची ट्रायडन पद्धत कर्मचाऱ्यांना अवघड वाटते, पण ती अर्ध्या तासात बसते. पहिला अंक तोंडाच्या चौथ्या हिश्शाचा: वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. दुधाच्या दातांना त्याच क्रमाने ५ ते ८. पुढचे दोन अंक दाताचे, मधल्या रेषेपासून मागे मोजत. लक्षात ठेवायचे दोनच: ०४ म्हणजे सुळा, ०९ म्हणजे पहिली दाढ. या दोन खुंट्या पक्क्या केल्या की मधले आपोआप बसतात. मांजरात हे फार उपयोगी पडतं, कारण त्याच्या वरच्या उपदाढा ०६ पासून आणि खालच्या ०७ पासून सुरू होतात. सुळ्यापासून "पाच, सहा" मोजत गेलेला माणूस दरवेळी चुकतो.

उजवं म्हणजे जनावराचं उजवं, बघणाऱ्याचं नाही. हे दहा वेळा सांगितलं तरी अकराव्यांदा चुकतं. उपाय एकच: बघणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणाऱ्याने नंबर मोठ्याने परत वाचायचा.

जागेपणीची पाहणी एका मिनिटाची. बाजूला बसायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. आधी चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, एकाच नाकपुडीतून पाणी किंवा पू येतो का, जबड्याखालच्या गाठी सुजल्यात का. मग तोंड बंदच ठेवून अंगठ्याने वरचा ओठ मागे आणि वर सरकवायचा. नजर थेट १०८ वर, म्हणजे वरच्या मोठ्या कातरदाढेवर. कीटण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जाड तिथंच साठतं, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी तिच्याजवळच उघडते. दुसऱ्या बाजूला २०८. मग पुढचे दात. कुत्रं शांत असेल तरच तोंड उघडून जीभ आणि टाळू.

चार गोष्टी अशा की त्या दिसल्या की थेट डॉक्टरांच्या कानावर घालायच्या. एक, डोळ्याखालची सूज, जी फुटते, वाहते, मलम आणि इंजेक्शनने बसते आणि महिन्याभराने पुन्हा येते. ती कातडीची जखम नसून बहुधा १०८ किंवा २०८ च्या मुळाशी साठलेला पू असतो. दाढेचा इलाज होईपर्यंत ती येतच राहणार. दोन, सहा-सात महिन्यांच्या पॉमच्या (पोमेरेनियन कुत्र्याच्या) तोंडात एका जागी दोन सुळे. एका जातीचे दोन दात एका जागी राहू द्यायचे नाहीत; दुधाचा काढायचा, नाहीतर मधे अन्न अडकतं आणि नवा सुळा वाकडा बसतो. तीन, कीटण फारसं नसताना हिरड्यांतून रक्त. आपल्याकडे गोचीड तापात प्लेटलेट उतरतात, आणि अशा कुत्र्याला स्केलिंगला घेतलं तर रक्त थांबता थांबत नाही. आधी रक्ततपासणी. चार, तोंडाला लघवीसारखा उग्र वास आणि जिभेच्या कडेला व्रण. हा दातांचा नाही, किडनीचा मामला असू शकतो.

मांजर वेगळं. ताटलीपाशी येतं, वास घेतं, एक घास उचलतं आणि ओरडून पळतं. किंवा दाताला बोट लागलं की खालचा जबडा थडथड वाजतो. कीटण दिसत नसलं तरी दात आतून विरघळत असण्याची शक्यता लिहून ठेवायची. हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

प्रोब

स्केलर घेण्याआधी प्रोब घ्या असं आम्ही म्हणतो ते या भागासाठी. विल्यम्स प्रोबवर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० मिलिमीटरला खुणा असतात. ४ आणि ६ ला मुद्दाम नसतात, नजरेची गफलत होऊ नये म्हणून. नवा माणूस नेमका इथंच फसतो: खुणा मोजतो आणि चौथ्या खुणेला "४" सांगतो. ती ५ असते. त्यामुळे पहिला सराव कुत्र्यावर नको. एका कागदावर पेनाने रेघा मारून त्यांची लांबी प्रोबने सांगायची, शेजाऱ्याने पट्टीने तपासायची. वीस रेघा सलग बरोबर आल्या की पुढे.

दुसरा सराव दाबाचा. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्यायचा आणि प्रोबचं टोक त्यावर टेकवायचं. आकडा २० ग्रॅमच्या आसपास थांबला पाहिजे. बहुतेकांचा पहिला आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. एवढ्या जोराने प्रोब हिरडीच्या तळातून आरपार शिरतो आणि नसलेलं पॉकेट (हिरडी आणि दात यांमधली खोल फट) नोंदवलं जातं. काट्याकडे बघत दाबायचं, मग न बघता दाबून आकडा बघायचा.

भूल दिलेल्या कुत्र्यात प्रोब दाताला समांतर धरून हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद उतरवायचा आणि दाताभोवती छोटी पावलं टाकत फिरवायचा. दर दाताला चार ते सहा जागी माप. कुत्र्यात ३ मिमीपर्यंत ठीक, मांजरात अर्ध्या मिमीच्या वर गेलं की लिहायचं. हिरडी खाली सरकलेली असेल तर ते माप वेगळं घ्यायचं आणि दोन्ही मिळवायची: हिरडी ३ मिमी उतरली आणि पॉकेट ४ मिमी, तर दाताचा आधार ७ मिमीने गेला. नुसतं "४" लिहिलं तर हा दात बरा वाटतो आणि तो बरा नसतो. आधार पावपटीपेक्षा कमी गेलेला, पाव ते अर्धा, अर्ध्याच्या वर, या पायऱ्या एक्स-रे बघून डॉक्टर ठरवतील. कर्मचाऱ्याने माप खरं द्यावं. दोन-तीन मुळांच्या दाढेत मुळांच्या फाटेत प्रोब शिरतो का, शिरला तर पलीकडे निघतो का, तेही लिहायचं. हलणाऱ्या दाताची नोंदही मापातच हवी. "थोडा हलतो" याचा पुढच्या वर्षी काही अर्थ लागत नाही.

टेबलावरचा दिवस

भुलीशिवाय दात साफ करून मिळेल का, असं मालक विचारणारच. उत्तर नाही असंच द्यायचं, आणि कारणासकट. जागं कुत्रं हिरडीखाली हत्यार घालू देत नाही, आणि आजार हिरडीखाली आहे. वरवरचं कीटण निघालं की मालक निर्धास्त होतो आणि खालचं सडत राहतं.

भुलीआधी मोठं कुत्रं सहा तास उपाशी, पण आपल्या उन्हाळ्यात पाणी रात्रीपासून बंद करू नका. दोन तास आधीपर्यंत चालतं. सलाईनची सुई आणि श्वासनलिकेत फुगा असलेली नळी, गॅसचं मशीन नसलं तरीही. स्केलरचं पाणी, रक्त आणि कीटणाचे तुकडे घशात जातात, आणि नळीविना ते सरळ फुफ्फुसात उतरतात. नळीचा फुगा सकाळी हवा भरून पाण्याच्या वाटीत बुडवून बघायचा; बुडबुडे आले तर नळी बदलायची. घशात गॉज ठेवलं की फळ्यावर लिहायचं: "आत १". काढलं की समोर "बाहेर १". हा फळा कुणी पुसायचा नाही. शुद्धीवर येताना घशात राहिलेला गॉज हा विसरभोळेपणाने होणारा आणि जीव घेणारा अपघात आहे.

डोळ्यांत मलम घालून वर कापड, कारण तोंडात मारलेलं क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक डोळ्यात उडतं. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, हिरडीचा रंग, ऑक्सिजन आणि अंगाचं तापमान लिहायचं. तापमान म्हणतोय ते खरं. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असले तरी टेबलावरचं पाच किलोचं पॉम गारठतं; तोंडावर सतत पाणी, अंगावर कूलरची हवा, आणि भुलीत थरथरून गरम होण्याची सोय नाही. कूलरचं तोंड फिरवायचं, मान आणि छाती कोरडी ठेवायची, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायच्या. अंगाला थेट लावलेली बाटली भाजते, आणि भुलीतलं जनावर सांगत नाही.

मांजराबाबत दोन सूचना, दोन्ही पाळायच्याच. स्प्रिंगचा गॅग लावायचा नाही. जबडा पूर्ण ताणला की मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला रक्त नेणारी धमनी दाबली जाते आणि मांजर आंधळं होऊन उठू शकतं. सुईचं टोपण २० ते ३० मिमीचं कापून दोन सुळ्यांत ठेवलं की काम भागतं. आणि कूस बदलताना नळी मशीनपासून आधी सोडवायची, मग मांजर वळवायचं. जोडलेली नळी पीळ खाते आणि मांजराची नाजूक श्वासनलिका फाटते.

स्केलर आणि बोअरचं पाणी

आता यंत्र. मराठवाड्यातल्या स्केलरचा पहिला शत्रू बोअरचं जड पाणी. नळाला जोडलं की काही महिन्यांत हँडपीसच्या (हातात धरायच्या दांड्याच्या) बारीक नळीत क्षार बसतात, फवारा बारीक होतो, आणि टोक कोरडं चालायला लागतं. कोरडं टोक दात तापवतं. दाताच्या गाभ्याला ती उष्णता लागली की दात बाहेरून पांढरा आणि आतून मेलेला. त्यामुळे बाटलीवाला स्केलर, डिस्टिल्ड पाणी, आणि संध्याकाळी बाटली रिकामी करून नळी कोरडी चालवून बंद.

टोकही झिजतं. मोजपट्टीचं कार्ड यंत्राबरोबर येतं. टोक १ मिमी झिजलं की काम पावपटीने घटतं, २ मिमीला निम्म्यावर येतं. मग माणूस नकळत जोर लावतो. जोर लावायचाच नाही. पेन धरल्यासारखं धरायचं, टोकाची बाजू दाताला लावायची, अणी नाही. एका दातावर सलग १० ते १५ सेकंद, मग पुढचा, उरलं तर परत यायचं. जाड टोक हिरडीखाली घालायचं नाही. त्याला बारीक टोक आणि कमी ताकद, किंवा हाताची क्युरेट. हाताच्या स्केलरचं टोक अणकुचीदार असतं म्हणून तो हिरडीच्या वरच. क्युरेटचं गोल, म्हणून ती खाली चालते.

सरावाला उकडलेलं अंडं. त्यावर नेलपॉलिशचे पट्टे मारायचे, वाळू द्यायचे, आणि कवचावर ओरखडा न उमटता स्केलरने ते काढायचे. पहिल्या दिवशी अंडी फुटतात. फुटू द्या. तीन अंडी सलग शाबूत राहिली की खऱ्या दाताकडे. साफ झाल्यावर दातावर हवा मारायची. राहिलेलं कीटण वाळून खडूसारखं पांढरं दिसतं. मग पॉलिश: ३००० आरपीएमच्या आत, दर दाताला पाच सेकंदांपेक्षा कमी, पेस्ट भरपूर. वेळ वाढली की पुन्हा उष्णतेचाच प्रश्न. शेवटी फटीतली पेस्ट धुऊन काढायची.

धुवायला ०.१२ टक्के क्लोरहेक्झिडीन. मेडिकलमध्ये माणसांचं ०.२ टक्क्यांचं मिळतं; त्याचे ६० मिली आणि स्वच्छ पाणी ४० मिली, झालं ०.१२. लेबलवर झायलिटॉल (कुत्र्याला घातक असलेला गोड पदार्थ) नाही हे बघून घ्यायचं. ड्रेसिंगच्या टेबलावरचं सेट्रिमाइड मिसळलेलं जंतुनाशक यासाठी वापरायचं नाही. नावात क्लोरहेक्झिडीन असलं तरी तोंड सोलून निघतं.

लाइट जाणार हे धरूनच ट्रे लावायचा: दोन हाताचे स्केलर, दोन क्युरेट, धार लावलेले. आणि स्केलर चालू असताना त्या खोलीत दुसरं ऑपरेशन नाही. तोंडातले जंतू धुक्यासारखे खोलीभर पसरतात. मास्क, चष्मा, टोपी त्यासाठी.

दात काढताना डॉक्टरांच्या शेजारी

मदतनीसाचं काम फक्त डोकं धरायचं नाही. कुठल्या दाताला किती मुळं हे त्याला पाठ हवं: १०८ ला तीन, ४०९ ला दोन, सुळ्याला एकच पण दिसणाऱ्या दातापेक्षा लांब. निघालेली मुळं गॉजवर मांडून मोजायची आणि टोकं शाबूत आहेत का बघायचं. तुटकं टोक गोल नसतं, कडा धारदार असते. लहान कुत्र्याचा खालचा जबडा ४०९ च्या मुळाशी फार बारीक उरतो; तिथे खालून तळव्याने आधार दिला नाही तर दाताबरोबर जबडाही मोडतो.

जागा बधिर करायच्या इंजेक्शनचा हिशेब दोघांनी करायचा. बुपिव्हकेन ०.५ टक्के म्हणजे १ मिलीत ५ मिग्रॅ. कुत्र्यात कमाल २ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर १० किलोच्या कुत्र्याला २० मिग्रॅ, म्हणजे ४ मिली, आणि हे तोंडाच्या चारही हिश्शांचं मिळून. प्रत्येक जागी ४ मिली नाही. मांजरात याच्या निम्मं.

एलिव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) धरायचा सराव डॉक्टरांनाही लागतो आणि मदतनीसाने तो बघावा. त्यासाठी मटणाच्या दुकानातून बोकडाची मुंडी आणा. मूठ तळव्यात, तर्जनी पात्याच्या टोकाजवळ, म्हणजे घसरलं तर बोट अडवतं. वरच्या दाढेवर घसरलेला एलिव्हेटर डोळ्यात जातो. पातं फटीत घालून थोडं फिरवायचं आणि १० ते ३० सेकंद तसंच दाबून थांबायचं. घाईने हिसके दिले की मूळ तुटतं. सराव झालेली मुंडी कुत्र्यांपुढे टाकू नका, पुरा.

घरी नेताना

मालकाला सांगायचं मोजकं. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक कीटण होतो, म्हणून आठवड्यातून एकदा घासून उपयोग नाही, रोज. ब्रश लहान मुलांचा मऊ. पहिला आठवडा नुसतं ओठ उचलून बक्षीस, दुसरा बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकं, मग ब्रश, आणि दातांची फक्त बाहेरची बाजू. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. माणसाची टूथपेस्ट नको, कुत्रं ती गिळतं, आणि काहींत झायलिटॉल असतं, जे कुत्र्याची साखर एकदम पाडतं. राखुंडी नको, दात खरवडते. आणि मिशरी तर मुळीच नको. ती तंबाखूच आहे.

नळीचं हाड बंद. मटणाच्या नळीने १०८ चा बाहेरचा कपचा उडतो, आतला गाभा उघडा पडतो, आणि वर सांगितलेली डोळ्याखालची सूज तिथून सुरू होते. नखाने दाबल्यावर खूण पडत नाही असं काहीही चघळायला देऊ नये. दात काढले असतील तर दहा-बारा दिवस दुधात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ भात, आणि टाके भरेपर्यंत त्या बाजूला ब्रश नाही. दहा ते चौदा दिवसांनी दाखवायला आणायचं.

दातांच्या तक्त्याची एक प्रत मालकाच्या फाईलला, एक दवाखान्यात. पुढच्या वर्षी तेच कुत्रं टेबलावर आलं की जुना तक्ता शेजारी ठेवून मग प्रोब हातात घ्यायचा. २०८ ला गेल्या वेळी ४ होते आणि आता ६ आलेत, तर स्केलर बाजूला ठेवा आणि आधी त्या दाढेचा एक्स-रे काढा.